मुखाटेला बढती देणारे तुम्ही कोण?

‘ते रसोड्याचं झालं एकदा, आता त्यानं खऱ्या संगीताकडे वळावं.’ यशराज मुखाटेचं नाव निघालं की हे वाक्य येतंच. चेंबूरमध्ये मी ते फाइन आर्ट्स सोसायटीच्या पायऱ्यांवर ऐकलंय, डायमंड गार्डनच्या बाकांवर ऐकलंय. हार्मोनियम उत्तम वाजवणाऱ्या, मनानं उदार असलेल्या माणसांकडून ऐकलंय. त्या मुलाचं वाईट व्हावं असं त्यांना वाटत नाही. उलट त्याच्यात काहीतरी आहे हे त्यांच्या कानाला जाणवलेलं असतं, आणि म्हणूनच त्यांना त्याला बढती द्यायची असते. आज व्हिडिओवाला, उद्या गंभीर संगीतकार, परवा प्रयोगशील कलावंत.

माझा वाद या बढतीशी आहे.

कौतुकाच्या सुरात सांगितली की हीच गोष्ट जास्त घातक होते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या तरुण संगीतकाराची ओळख करून देण्याचा आता एक साचाच पडलाय. आधी तो घरी बसून व्हिडिओ करायचा. ते लोकांना आवडले. मग तो परिपक्व झाला, त्यानं अल्बम काढला, त्यात कानाला अनोळखी आवाज घातले आणि तो प्रयोगशील ठरला. या साच्यात व्हिडिओ म्हणजे बालपण, माफ करायचं आणि विसरायचं. माझं म्हणणं असं की मुखाटेच्या बाबतीत, आणि त्याच्यासारख्या बऱ्याच जणांच्या बाबतीत, प्रयोग त्या व्हिडिओतच झालेला आहे. तो आपल्याला ऐकू आला नाही, कारण आपण हसत होतो.

आधी ती वस्तू नीट बघू. ऑगस्ट २०२० मध्ये, माणसं घरांत अडकलेली असताना, त्याचा तो रसोड्याचा व्हिडिओ आला. स्टार प्लसवर २०१० साली सुरू झालेल्या ‘साथ निभाना साथिया’ या मालिकेतला तो जुना प्रसंग. स्वयंपाकघरात कोण होतं, कुकरमधले हरभरे काढून रिकामा कुकर गॅसवर कुणी चढवला, असं सासू कोकिलाबेन सुनांना खडसावून विचारते. रूपल पटेल यांनी तो संवाद मालिकांच्या रीतीनं, एकेका अक्षरावर वजन टाकत म्हटलाय. मूळच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, इंजिनीअरिंग शिकलेल्या मुखाटेनं त्या संवादाला ताल दिला आणि खाली सुरावट बांधली. लोक म्हणतात, एवढंच तर केलं.

या ‘एवढंच’मध्ये काय काय येतं? बोलताना आपला आवाज एका स्वरावर थांबत नाही, तो सतत चढत-घसरत असतो. गाण्यात तो थांबतो. बोलण्याचं गाणं करायचं तर त्या घसरणीत थांबा कुठे आहे, हे कुणाला तरी ठरवावं लागतं. स्वर सरळ करणारं सॉफ्टवेअर अक्षराला जवळच्या स्वरावर नेऊन बसवतं, हे खरं. पण अक्षर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध लोंबकळत असेल तर? कोमल धरला तर वाक्य कण्हतं, शुद्ध धरला तर तेच वाक्य मिरवतं. तो निर्णय यंत्राचा नसतो. तालाचंही तसंच आहे. रागावलेली बाई मात्रा मोजून बोलत नाही. मग सम कुठे मानायची? प्रश्नाच्या पहिल्या शब्दावर, की ज्या शब्दात आरोप आहे त्यावर? ती श्वास घ्यायला थांबली ती जागा मोकळी सोडायची की भरायची? तिच्या वाक्याखाली कुठले स्वर एकत्र वाजवायचे? कारण वरचा स्वर तोच ठेवून खालचे बदलले, की धमकीची विनवणी होते. या सगळ्या निर्णयांना आपण एरवी संगीतरचना म्हणतो.

आणि ही रचना नेहमीपेक्षा जास्त अडचणीची आहे. गीताला चाल लावणारा अडला तर कवीला फोन करून शब्द बदलून घेतो. इथे शब्द ठरलेले, उच्चार ठरलेले, श्वासाची जागा ठरलेली, आणि हे सगळं दुसऱ्याच कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी काही वर्षांपूर्वी करून ठेवलेलं. त्यातला एक धागाही हलवता येत नाही. इतक्या कडक बंधनात काम करणाऱ्या माणसाला आपण इतर कुठल्याही कलेत प्रयोगशील म्हटलं असतं.

मानसशास्त्राच्या अभ्यासक डायना डॉइच यांना १९९५ साली एक गोष्ट लक्षात आली. स्वतःच्याच आवाजातल्या निवेदनाचा एक तुकडा त्या पुन्हा पुन्हा वाजवून तपासत होत्या, आणि काही आवर्तनांनंतर तो बोललेला तुकडा गायल्यासारखा ऐकू यायला लागला. ध्वनीत काहीही बदल नाही, फक्त पुनरावृत्ती. त्यावर पुढे बरंच संशोधन झालं. मुखाटेच्या श्रोत्यांनी तोच अनुभव आपापल्या स्वयंपाकघरात उभं राहून घेतला. पोळ्या लाटणाऱ्या हातांना तो ठेका लागला आणि त्यानंतर तो मूळ प्रसंग पुन्हा नुसता संवाद म्हणून ऐकणं त्यांना अशक्य झालं. ऐकणाऱ्याचा कान कायमचा बदलणं याहून मोठं काम प्रयोगाकडून काय अपेक्षित असतं?

यावर पहिला आक्षेप येतो तो हसण्याचा. लोक हसले, म्हणून ते हलकं. एकनाथांच्या भारुडांना शतकानुशतकं खळखळून हसत आलेल्या समाजानं हा आक्षेप घ्यावा याचं मला दुःख होतं. विंचू चावल्याचं सोंग घेऊन नाचणारा माणूस आपल्याला अध्यात्म सांगतो तेव्हा हसू आणि अर्थ एकत्र राहू शकतात हे आपल्याला समजतं. सोंग टीव्ही मालिकेचं असलं की एकदम समजेनासं होतं.

दुसरा आक्षेप: मूळ सामग्री त्याची नाही. संवाद मालिकेचा, नंतरच्या एका व्हिडिओत बोल शहनाज गिलचे, फेब्रुवारी २०२१ मधल्या ‘पावरी’त पाकिस्तानच्या दनानीर मोबीनचे. मग याचं काय? चेक संगीतकार लेओश यानाचेक यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं बाजारात, रस्त्यावर, आगगाडीच्या फलाटावर माणसं कशी बोलतात ते स्वरलिपीत टिपून ठेवलं. १९०३ साली त्यांची तरुण मुलगी ओल्गा मृत्युशय्येवर होती तेव्हा तिचे शब्द आणि उसासेही त्यांनी स्वरांत लिहून घेतले. त्याच काळात पूर्ण झालेली आणि १९०४ साली ब्रनो शहरात रंगमंचावर आलेली त्यांची ‘येनूफा’ ही ऑपेरा या कानावर उभी आहे. अमेरिकेच्या स्टीव्ह राइश यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाचं बोलणं टेपवर घेतलं आणि १९६५ साली त्याचे तुकडे एकमेकांवर सरकवत एक अख्खी रचना केली. १९८८ सालच्या ‘डिफरंट ट्रेन्स’मध्ये त्यांना सांभाळणाऱ्या बाईंचा, रेल्वेतल्या एका जुन्या पोर्टरचा आणि नाझी छळातून वाचलेल्या माणसांचा आवाज आहे, आणि व्हायोलिन-चेलो त्या बोलण्याच्या चढउतारांची सही सही नक्कल करतात. ब्राझीलच्या हर्मेटो पास्कोआल यांनी तर भाषणाच्या प्रत्येक अक्षराखाली वाद्य वाजवून दाखवलं. यातलं बोलणं कुणाचंच स्वतःचं नव्हतं. ऐकणं त्यांचं स्वतःचं होतं.

ही नावं मी प्रमाणपत्र म्हणून देत नाही. मुखाटे राइशच्या बरोबरीचा आहे असा दावा मी करत नाही, आणि ‘डिफरंट ट्रेन्स’मधलं दुःख आणि कुकरमधले हरभरे एका तराजूत घालायचे नाहीत हे मलाही कळतं. माझा मुद्दा पद्धतीचा आहे. तीच पद्धत चार तंतुवादकांनी परदेशी सभागृहात वापरली की प्रयोग आणि मराठवाड्यातल्या मुलानं संगणकावर वापरली की टवाळी, ही मोजपट्टी संगीताची नाही. ती जागेची आहे, कपड्यांची आहे, तिकिटाच्या किमतीची आहे.

आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. इंदूरच्या मराठी घरातून आलेल्या स्नेहा खानवलकर यांनी २०१२ साली एमटीव्हीवर ‘साउंड ट्रिपिन’ ही मालिका केली. गावोगाव हिंडून तिथले आवाज, तिथली माणसं, तिथली हत्यारं ध्वनिमुद्रित करायची आणि त्यातून गाणं बांधायचं. पंजाबच्या भागातून नूरां भगिनींचा आवाज सगळ्या देशापर्यंत पोचला. त्या कामाला सगळ्यांनी प्रयोग म्हटलं, योग्यच केलं. पण खानवलकर यांच्यामागे वाहिनी होती, कॅमेऱ्यांचा ताफा होता, आणि त्याआधीचं ‘ओये लकी’चं चित्रपटसंगीत होतं. सापडलेल्या आवाजातून गाणं काढण्याची तीच रीत. एकीला मान मिळाला आणि दुसऱ्याला ‘आता मोठा हो’ असा सल्ला.

आता चेंबूरच्या श्रोत्यांशी थेट बोलतो, कारण त्यांच्याकडून मला हे अजिबात अपेक्षित नाही. फाइन आर्ट्स सोसायटीच्या शिवस्वामी सभागृहात कर्नाटक संगीताची मैफल ऐकणाऱ्या माणसाला बोलणं आणि वाजवणं यांच्यातली भिंत किती पातळ असते हे वेगळं सांगावं लागत नाही. तालवाद्यांच्या स्वतंत्र भागात, म्हणजे तनियावर्तनात, कधी मृदंगम थांबतं आणि कोन्नकोल सुरू होतं. नुसती अक्षरं, तोंडानं म्हटलेली. ती इतक्या लयीत, इतक्या चढउतारांनी म्हटली जातात की सभागृह श्वास रोखून ऐकतं आणि मग टाळ्यांचा कडकडाट करतं. तबल्याच्या मैफलीत बोल तोंडानं म्हणायची पढंत असतेच. कीर्तनकार बोलता बोलता कधी गायला लागतो ती सीमा दाखवता येत नाही. शाहिराचा पोवाडा गद्यातून उसळी मारून सुरात जातो आणि परत येतो. बोलण्याच्या आणि गाण्याच्या उंबरठ्यावर उभं राहणं हा आपल्या संगीताचा मूळ स्वभाव आहे. म्हणून मुखाटेचं काम मला उपरं वाटत नाही. ज्यांना ते उपरं वाटतं त्यांनी आपल्याच परंपरेकडे जरा पाठ फिरवली आहे.

तिसरा आक्षेप माध्यमाचा, आणि तो सगळ्यात जुना आहे. मिनिटभराच्या तुकड्यात काय संगीत होणार? नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गेसबर्गनं गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं, तेव्हा रात्रभर रंगणाऱ्या गायकीला जेमतेम तीन मिनिटं मिळाली होती. गाणं संपता संपता त्या कर्ण्यासमोर स्वतःचं नाव सांगायच्या. त्या काळी कित्येक थोर गवयांना हे यंत्र म्हणजे विद्येचा अपमान वाटला. अल्लादिया खाँसाहेबांनी स्वतःचं गाणं ध्वनिमुद्रित होऊ दिलं नाही. ‘संगीत स्वयंवर’च्या चाली ज्यांनी १९१६ साली दिल्या, त्या भास्करबुवा बखले यांचाही आवाज आपल्याकडे नाही. बुवा १९२२ साली गेले. त्यांचे शिष्य, त्यांच्या चाली, त्यांच्या आठवणी उरल्या. आवाज गेला. आणि अब्दुल करीम खाँसाहेब तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांत ख्याल इतका आटवून गायले की आज कुणाला किराणा घराण्याचा स्वर समजावून सांगायचा तर आपण त्याच तबकड्या वाजवतो.

तीन मिनिटांनी ख्याल मारला नाही. त्यांनी एक नवी शिस्त जन्माला घातली: पहिल्याच क्षणी राग उभा करायचा, फापटपसारा नाही. मिनिटभराचा व्हिडिओही अशीच शिस्त मागतो. त्यात वाईट काम भरपूर होतं, हे उघड आहे. तीन मिनिटांच्या तबकड्यांतही होत होतं. पण माध्यमाच्या लांबीवरून कामाची उंची ठरवणं ही चूक आपण एकदा केलेली आहे आणि तिची किंमत बखलेबुवांच्या न उरलेल्या आवाजानं मोजलेली आहे.

इथे बढतीवाले कुमार गंधर्वांचं नाव काढतील, काढावंच. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करायचा. दहा-अकरा वर्षांचं ते पोर संगीत परिषदांत गाजत होतं. पुढे मुंबईत बी. आर. देवधर यांच्याकडे शिक्षण, मग क्षयाचा आजार, १९४८ मध्ये देवासला मुक्काम, माळव्याची लोकगीतं, धुनेतून निघालेले नवे राग, १९६५ सालचं ‘अनूपरागविलास’. नक्कल करणाऱ्या मुलापासून शतकातल्या सगळ्यात धाडसी गायकापर्यंत, म्हणजे शिडी आहेच की!

मी हे उदाहरण उलट वाचतो. माळव्यातल्या बायका जात्यावर, लग्नात, शेतात जे गायच्या ते ऐकून त्यात दडलेला राग ओळखणारा कान देवासला अचानक उगवला नव्हता. यंत्रातून आलेला आवाज शोषून घेणारा, त्याचे बारकावे पकडणारा तो तबकडीवाल्या मुलाचाच कान होता. कुमारजी बदलले, प्रचंड बदलले. पण त्यांच्या नकलेला ‘बालपण’ म्हणून बाजूला काढलं तर पुढच्या प्रयोगाचं मूळच हाती लागत नाही. रस्त्यावरच्या, घरातल्या, कुणीही संगीत न मानलेल्या आवाजात संगीत ऐकणं हा धागा दोन्ही टोकांना तोच आहे.

चेंबूरकरांना आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर शंकर महादेवन यांच्याकडे बघा. याच उपनगरात वाढलेला मुलगा, टी. आर. बालामणी यांच्याकडे कर्नाटक संगीत शिकलेला, श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेला, शिक्षणानं सॉफ्टवेअर इंजिनीअर. १९९८ साली ‘ब्रेथलेस’ आलं. शब्द जावेद अख्तर यांचे. कडवं नाही, धृपद नाही, मध्ये वाद्यांचा तुकडा नाही, एका श्वासात चाललंय असं वाटावं अशी सलग रचना. चित्रपटाबाहेरच्या हिंदी गाण्यात असं धाडस फारसं कुणी केलं नव्हतं. आणि ते आपल्यापर्यंत पोचलं कसं? संगीत वाहिन्यांवर दिवसरात्र लागणाऱ्या व्हिडिओतून. त्या गाण्याकडेही लोक आधी करामत म्हणूनच वळले. शाळकरी मुलं शिडी चढता चढता ते म्हणायची पैज लावायची. तरी ‘ते श्वासाचं झालं, आता खरं संगीत करा’ असं चेंबूरमध्ये त्यांना कुणी बजावल्याचं मला आठवत नाही. करामत आणि रचना एकाच वस्तूत असू शकतात हे तेव्हा आपण सहज मान्य केलं. फरक इतकाच की तो पडदा बैठकीतल्या टीव्हीचा होता आणि आता तो मुलांच्या खिशातला आहे.

खिशातल्या पडद्यावरच संगीत का घडतंय याचाही विचार या टीकाकारांनी करायला हवा. मोठा स्टुडिओ, मोठा वाद्यमेळ, तालमीची जागा हे सगळं कुणाच्या आवाक्यात आहे? चेंबूरचं आर. के. स्टुडिओचं आवार १९४८ पासून सिनेमाचं होतं. सप्टेंबर २०१७ च्या आगीत त्याचा मोठा भाग गेला, २०१९ साली ती जमीन एका बांधकाम कंपनीनं घेतली, आणि जिथे सेट लागायचे तिथे आता घरांचे मजले आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत, एका खोलीत पाच माणसं असताना, संगीत करू पाहणाऱ्या मुलाकडे काय असतं? रात्री अकरानंतरची शांतता, कानातले हेडफोन आणि फोन. ड्रम वाजवता येत नाही, शेजारी उठतात. मोठ्यानं गाता येत नाही, धाकटी बहीण परीक्षेचा अभ्यास करत असते. म्हणून आवाज आधीच ध्वनिमुद्रित असलेले घ्यायचे आणि त्यांच्यावर काम करायचं. ज्याला हे टीकाकार रुचीचा प्रश्न समजतात तो बऱ्याच वेळा चौरस फुटांचा प्रश्न असतो, आणि त्या चौरस फुटांतून एक नवी कला घडली आहे.

हार्बर लाइनवर दोनच स्टेशनं पलीकडे कुर्ला. तिथल्या नावेद शेखनं, म्हणजे नेझीनं, वडिलांनी घेऊन दिलेल्या आयपॅडवर २०१४ साली ‘आफत!’ ध्वनिमुद्रित केलं, त्याच आयपॅडवर गल्लीत व्हिडिओ काढला आणि टाकून दिला. मुंबईच्या हिंदी रॅपचं दार उघडणाऱ्या मोजक्या गाण्यांपैकी ते एक आहे. त्याच्या आणि रॅपर डिव्हाइनच्या आयुष्यावरून स्फुरलेला ‘गल्ली बॉय’ हा चित्रपट २०१९ साली आला, आणि नेझीचा ‘मगरिब’ हा पहिला अल्बम २०२२ साली. मधली वर्षं त्याला ‘अल्बम कधी’ असं विचारणाऱ्यांना मी विचारतो: ‘आफत!’मध्ये तुम्हाला नक्की काय कमी वाटलं? अल्बम ही कंपन्यांची, दुकानांची, तबकडीच्या दोन बाजूंची सोय होती. कामाची ती एकमेव पूर्ण अवस्था आहे असं आपण का मानतो?

एका आक्षेपासमोर मात्र मी थांबतो, कारण त्यात दम आहे. ज्या माणसांचं बोलणं घेतलं जातं त्यांचं काय? रूपल पटेल व्यावसायिक अभिनेत्री आहेत, शहनाज गिल तेव्हाही लोकांसमोर होत्या. पण याच प्रकारात दुसरे कित्येक लोक रस्त्यावरच्या साध्या माणसाचं बोलणं उचलतात, त्याच्या उच्चारावर, त्याच्या जातीवर, त्याच्या गरिबीवर हशा पिकवतात आणि पैसे स्वतः घेतात. हे घाणेरडं आहे. त्यावर उपाय आहे आणि तो आधी करून दाखवलेला आहे. अमेरिकेतल्या ग्रेगरी बंधूंनी २०१० साली अँटोइन डॉडसन नावाच्या तरुणाच्या टीव्हीवरच्या बोलण्याचं गाणं केलं, ते प्रचंड गाजलं, आणि गाण्याच्या विक्रीतला अर्धा वाटा त्यांनी डॉडसनला दिला. परवानगी, श्रेय आणि वाटा या तीन गोष्टी आपल्या व्हिडिओ संगीतकारांकडून आपण हट्टानं मागायला हव्यात. मुखाटेकडूनही. ज्यांना त्याच्या भल्याची काळजी आहे त्यांनी हा प्रश्न विचारला असता तर मी त्यांच्या बाजूनं उभा राहिलो असतो. ते विचारतात अल्बमबद्दल.

पटेल यांच्या त्या संवादाकडे मी पुन्हा वळतो, कारण टवाळी आणि आदर यांच्यातली रेघ तिथे स्वच्छ दिसते. मालिकांमधल्या अभिनयाला हसणं सोपं आहे, शिकल्यासवरलेल्या घरांत ती सवयच आहे. मुखाटेच्या कामात त्या अभिनेत्रीच्या उच्चाराची ताकद वाढते. तिचा दरारा, तिचा ठेहराव, शेवटच्या अक्षरावरची तिची पकड हे सगळं आधी होतंच. कुणी ते संगीत म्हणून कान देऊन ऐकलं नव्हतं. त्याच ऑगस्टच्या अखेरीस त्या मालिकेच्या दुसऱ्या पर्वाची जाहिरात झाली, यावरून लोकांच्या मनातली ती बाई किती जिवंत झाली होती हे कळतं. दनानीरच्या बाबतीतही तेच. तिची सहज केलेली थट्टा त्यानं गाण्यात नेली तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना माणसं एकच धून गुणगुणत होती. त्या फेब्रुवारीत दोन देशांमध्ये तेवढी एकच हलकी, निर्मळ गोष्ट चालू होती, हे मला आजही महत्त्वाचं वाटतं.

खरा धोका वेगळाच आहे आणि तो बढतीवाल्यांच्या नजरेला पडत नाही. एकदा एक गोष्ट चालली की यंत्रणा तीच पुन्हा मागते. प्रेक्षक मागतात, जाहिरातदार मागतात, फोनवरची आकड्यांची पट्टी मागते. पाचव्या वेळी तोच ठेका, तोच धक्का, तीच जागा. या दबावाखाली जे टिकत नाही ते कौशल्य नसतं. ते कुतूहल असतं. मुखाटेच्या सगळ्याच व्हिडिओंत ते सारखं टिकलेलं नाही. काही ठिकाणी ठेका आधी ठरलाय आणि बोलणं त्यात कोंबलंय असं मला ऐकू येतं. २०२३ साली जस्मीन कौर यांच्या कपडे विकतानाच्या बोलण्यावर सगळा देश तुटून पडला तेव्हा त्यानंही त्यावर गाणं केलं, आणि त्यात मला पहिल्या व्हिडिओची जोखीम सापडली नाही. असं लिहिता येतं, लिहायला हवं, कारण ही संगीतावरची टीका आहे. ‘हे संगीतच नाही’ म्हणून हात झटकले की अशी टीका करायचा अधिकारच आपण सोडून देतो, आणि मग त्या मुलाला चांगलं कुठलं आणि सवयीचं कुठलं हे सांगणारं आकड्यांखेरीज कुणी उरत नाही.

उद्या मुखाटेनं दोन तासांची, कुणालाही न हसवणारी, न कळणारी रचना केली तर मी ती मनापासून ऐकेन. त्यानं कधीच केली नाही तरी त्याच्याकडे माझी बाकी निघत नाही. पण मराठी वर्तमानपत्रांच्या संगीतसमीक्षकांकडे निघते. ख्यालाच्या मैफलीवर ते लिहितात तसं एखाद्या व्हिडिओवर लिहावं: स्वर कुठे धरला, सम कुठे मानली, खालची सुरावट कुठे फसली, बोलणाऱ्या माणसाचं काय झालं. आणि फाइन आर्ट्सच्या कार्यकारिणीकडे माझी एक मागणी आहे. एका संध्याकाळी कोन्नकोल म्हणणारा कलावंत आणि बोलण्याचं गाणं करणारा कुणी तरुण, लॅपटॉप घेऊन, एकाच मंचावर बसवा. आधी एकानं अक्षरं म्हणावीत, मग दुसऱ्यानं त्याच सभागृहातल्या कुणाचं तरी बोलणं घ्यावं, त्यांची परवानगी विचारून, आणि आमच्या समोर त्याचं गाणं करावं.